पातीखालचा चेहरा

सोमवार, २९ जुलै

घेतलं! साओ पावलोच्या प्रकाशनाने माझं पुस्तक घेतलं. सकाळी तिथल्या संपादिकेचा, तालिताचा, फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं आणि मी अजून पुसलेलं नाही.

सहा वर्षं ही पानं काढतेय. ओरिशांची, आमच्या देवांची, चित्रकथा म्हटल्यावर अर्ध्या काशुएइरा गावाने मला वेडी ठरवलं होतं. "देवांना चड्ड्या घालून उडवणार का गं आता?" असं बर्तोल्दोकाकांनी भर चौकात विचारलं होतं. नाही उडवले. माझा एशु मोटारसायकलवरून भाडी मारतो आणि एकेकाला मुद्दाम भलत्याच दारात सोडतो. ओगुन लोखंडी पुलावर वेल्डिंग करतो. ओशुनचं नदीकाठी केस करायचं दुकान आहे, पण आरशासमोरून तीच उठत नाही. इयान्सा स्टेशनसमोर आकाराजेचे वडे तळते, आणि तिचं डोकं फिरलं की गावभरचे पत्रे उडतात.

शेवटचं प्रकरण ओमोलुचं. रोगांचा राजा तो, आणि बरं करणाराही तोच. त्याच्या अंगभर देवीचे व्रण, म्हणून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ताडाच्या सुक्या पातीच्या झिरमिळ्या पांघरून चालतो. चेहरा कोणी पाहत नाही. एकदा इयान्सा फुंकर घालते, पात उडते, व्रणांच्या लाह्या होऊन उधळतात आणि आत... माझ्या पुस्तकात आत पांढरं पान आहे. नुसत्या लाह्या आणि पांढरं.

तालिताला तेच नकोय. "दिनाल्वा, राणी, वाचक अख्खं पुस्तक उलटत येतो तो हे बघायला. आणि तू त्याच्या हातात कोरा कागद देतेस? मला चेहरा हवा. मुखपृष्ठावरच हवा. तेवढं दे, बाकी एका रेषेला मी हात लावणार नाही." सोळा ऑगस्टच्या दुपारपर्यंत. नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर, आणि पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी माई ओतीलियांच्या, आमच्या पुजारणीच्या, ठाण्याची एकेदी आहे हे तिला सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं. माझ्या अंगात येत नाही. ज्यांच्या अंगात येतं त्यांना सांभाळायचं, पडू द्यायचं नाही, कपडे बांधायचे, घाम पुसायचा, हे माझं काम. अकरा वर्षं ओमोलुची पात मीच बांधली. त्याचा घाम पातीखाली हात घालून, न बघता पुसायचा असतो, कपाळापासून खाली. डाव्या भुवईत एक गुळगुळीत जागा लागायची, तिथे बोट अडखळायचं. अंगात ज्याच्या येतं त्याला आम्ही घोडा म्हणतो, पण पात बांधली की आत घोडा नसतो, देव असतो. हे आम्हाला लहानपणीच शिकवतात, त्यामुळे घोडा कोण होता याचा इथे संबंध नाही.

पुस्तकाला परवानगी देताना माई ओतीलियांनी एकच अट घातली होती. "सगळं काढ. फक्त त्याला उघडा करू नकोस. केलास, तर तू माझी एकेदी नाहीस."

दूध पुसायला हवं.

गुरुवार, १ ऑगस्ट

नुसतं बघायला काय हरकत आहे? काढायचं, बघायचं, फाडायचं. अट छापण्याबद्दल होती, असंही म्हणता येईल. (नव्हती. मला माहीत आहे.)

दिवसभर चेहरे काढले. एकाचं नाक बसच्या कंडक्टरचं, हनुवटी फार्मसीवाल्याची. दुसरा साबणाच्या जाहिरातीतला निघाला. तिसऱ्याकडे बघून मला स्वतःलाच हसू आलं, तो माझ्याशी लग्नाची बोलणी करायला आल्यासारखा बसला होता. सगळे फाडले.

मान दुखतेय. चिडचिड होतेय. कशाची ते कळत नाही, कारण हरकत घेणारं इथे कोणीही नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

पुलापलीकडे आईकडे जेवायला गेले. भेंडी, सुकी कोळंबी, वर ढीगभर पामतेल. आई चिडलेली असली की जेवण जास्त चांगलं होतं.

"तुमचा तो राजा यंदा तरी येतोय का ऑगस्टच्या जेवणाला?" तिने भेंडी वाढता वाढता विचारलं.

"आता कोणाच्या अंगात येणार? जेवण ठेवायचं, पात खुर्चीवर ठेवायची. दरवर्षी तसंच." मग मी धीर करून म्हटलं, "लाह्या तरी देशील का यंदा?"

"माझ्याकडे वाळू नाही."

हे गेली तीन वर्षं ऐकतेय. ओमोलुच्या लाह्या तेलात फोडत नाहीत, तापल्या वाळूत फोडतात, आणि आईसारख्या या दोन गावांत कोणाला जमत नाहीत. टोपलीत एक न फुटलेला गणंग सापडायचा नाही. वाळू काय, नदी दारात आहे. तिला यायचं नाही एवढंच.

जिल्वान, माझा धाकटा भाऊ, साथीच्या दुसऱ्या वर्षी दवाखान्यात गेला आणि बंद पेटीतून परत आला. दफनाच्या वेळी आई त्या माणसांना म्हणत राहिली, "झाकण नका काढू, नुसती फट करा." त्यांनी केली नाही, त्यांना मनाई होती. ओमोलु अकरा वर्षं त्याच्याच अंगात यायचा. रोगांच्या राजाने आपलाच घोडा रोगाने नेला म्हणून आईने ठाण्यात पाऊल टाकणं सोडलं. घरातला जिल्वानचा फोटोसुद्धा उतरवला. "हा आधीचा आहे," म्हणाली. "शेवटी कसा होता ते मला माहीत नाही. काय काय खायला घालत होते, की नव्हते घालत."

एवढं पुरे. ही वही पुस्तकाची आहे आणि जिल्वानबद्दल इथे लिहायचं नाही असं मी पहिल्याच पानावर ठरवलं होतं.

निघताना शेजारचं पोरगं पेरूवर चढलेलं दिसलं. आई खिडकीतून केवढ्यांदा ओरडली, "उतर खाली! त्या झाडावरून पडून आमच्या एकाची भुवई फाटलीय!" पोरगं घाबरून पेरू टाकून पळालं. पेरू मी घेऊन आले, गोड होता.

मंगळवार, ६ ऑगस्ट

आला.

पेन्सिल न धरता, थेट कुंचल्याने. कपाळापासून सुरुवात केली आणि हात खाली खाली येत गेला, एकदाही थांबला नाही. डोळे जरा खोल, कान किंचित पुढे आलेले, खालचा ओठ भरलेला, आता काहीतरी टवाळी करेल असा. डाव्या भुवईत एक तुटक जागा ठेवली. फार देखणा होत होता, देवाला एखादी खूण हवी. आजूबाजूला लाह्याच लाह्या.

कोणासारखा दिसतोय का हे तपासलं. आरशासमोर धरून उलटा बघितला, पालथा करून बघितला. कंडक्टर नाही, फार्मसीवाला नाही, कुठला नट नाही. कोणाचाच नाही. सहा वर्षांत इतकं चांगलं चित्र मी काढलेलं नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग भीती वाटली. शाई वाळेपर्यंत खोलीत मी दबक्या पावलांनी फिरत होते.

गुरुवार, ८ ऑगस्ट

तालिताला फोनवरून फोटो पाठवला. फाडायचं ठरलं होतं, आणि पाठवला.

तिचे एकामागून एक आवाजी निरोप. पहिल्यात नुसती किंचाळते. दुसऱ्यात, "कुठून आणलास गं हा? मला रडू आलं, आणि का ते कळत नाही." तिसऱ्यात कामाचं: मूळ कागद नीट स्कॅन करून शुक्रवारी, सोळाला, दुपारी बारापर्यंत. त्याच दिवशी पुस्तक जाहीर, मुखपृष्ठ सगळीकडे.

म्हणजे सोळाच्या दुपारनंतर मी एकेदी नाही. मग माझा पांढरा घागरा, डोक्याचं फडकं, घाम पुसायचा टॉवेल, हे कोणाला द्यायचं? आमच्या ठाण्यात मी पाच वर्षांची असल्यापासून आहे. तिथल्या पायऱ्यांवर दुधाचे दात पडलेत माझे.

पण गोष्टीत खुद्द इयान्साच पात उडवते ना? मी उडवली तर पाप कसं? याचं उत्तर माईंनी द्यावं. मी वाद घालायला तयार आहे. दोन दिवस भांडी घासताना तोच वाद घालतेय, आणि दर वेळी मीच जिंकते.

शनिवार, १० ऑगस्ट

घोळ झाला.

बर्तोल्दोकाका आमच्या ठाण्याचे ढोलकरी, सत्तरी उलटली तरी जीभ तिखट. ओलुबाजेच्या, ओमोलुच्या वार्षिक जेवणासाठी केळीची पानं किती लागतील ते विचारायला आले. म्हटलं कॉफी टाकते, बसा. नेहमीप्रमाणे सुरू झाले, "तुझ्या एशुला सांग, माझ्या गुडघ्याला मोटारसायकलवरून सोड कुठेतरी, परत आणू नकोस." मी कॉफी घेऊन आले तर एकदम गप्प. कागद टेबलावर होता. झाकायचा राहिला होता.

त्यांनी टोपी काढली. वाकले. त्या गुडघ्यांनी वाकले, आणि जमिनीला हात लावून म्हणाले, "आतोतो." ओमोलुला आम्ही असंच म्हणतो, गप्प राहा, राजा आलाय. मग तसंच भिंतीला धरून उठले आणि गेले. कॉफी तशीच.

"काका, ऐका तरी!" मी दारातून ओरडले. मागे न बघता त्यांनी हात हलवला. डोळे पुसत होते की घाम, कळलं नाही.

आता हे थेट माईंकडे जाणार. एवढा पापभीरू माणूस माझ्याच टेबलाशी यायचा होता! एक कागद झाकता आला नाही मला. लहानपणी याच माणसाने जिल्वानला नि मला मांडीवर घेऊन ढोल शिकवला, आणि आता चुगली करायला निघाला. मी रागाने त्यांची कॉफीसुद्धा पिऊन टाकली.

सोमवार, १२ ऑगस्ट

माईंनी बोलावलं. सोमवार म्हणजे ओमोलुचाच दिवस, तोच निवडला.

मी जमिनीला हात लावला, त्यांचा हात ओठांना लावला. माई वेताच्या खुर्चीत, समोर परातीत मका. खडे निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"काढलास?"

"काढला."

"कोणाचा?"

"ओमोलुचा."

"कोणाचा, असं विचारलं मी."

मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी म्हटलं, "माई, गोष्टीतच इयान्सा पात उडवते. मी फक्त..."

"गोष्ट मला सांगू नकोस, मी तुला सांगितलीय ती." त्यांनी एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "बर्तोल्दो शनिवारपासून नीट जेवलेला नाही."

"त्यांनी चुगली केली हे मला माहीतच होतं."

"चुगली?" माईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. इतका वेळ बघितलं की मला परातीकडे बघावं लागलं. "तुला खरंच कळलेलं नाही, पोरी?"

"काय कळायचंय? अट मोडली. तुम्ही काढून टाकणार. टाका. फडकं आणलंय मी." पिशवीतून काढून समोर ठेवलं. माझा आवाज फाटला, त्याचाच जास्त राग आला.

माईंनी फडक्याला हात लावला नाही. "मला दाखवू नकोस. तो कागद आधी तुझ्या आईला दाखव. ती छाप म्हणाली तर छाप. मी एक शब्द बोलणार नाही, आणि फडकं तुझंच राहील."

"आईला? तिने तीन वर्षांत इथे तोंड दाखवलं नाही! ओमोलुचं नाव काढलं की भांडी आपटते. ती फाडेल तो."

"फाडू दे. तिचा हक्क आहे."

कसला हक्क? मी वादाला तयार होऊन गेले होते, आणि त्यांनी वाद सोडून मला आईच्या दारात उभं केलं. ज्या बाईला देवच नको, तिच्या हाती देवाचा निकाल! मला हवी ती शिक्षा द्यावी, पण असा खेळ करू नये. फडकं तिथेच विसरून आले.

बुधवार, १४ ऑगस्ट

गेले नाही.

गावात बोआ मोर्तेचा, मारियामातेचा उत्सव, बाहेरची माणसं इतकी की पावाच्या दुकानातसुद्धा रांग. स्कॅन करणाऱ्याचं दुकान बंद. दारावर चिठ्ठी, "शुक्रवारी सकाळी उघडेन, देवाची इच्छा असली तर." मला त्या चिठ्ठीत टोमणा दिसला, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही.

तालिताचा फोन. छपाईची तारीख पक्की झाली, भिंतीवर लावायचं मोठं चित्रही करणार आहेत. "तयार आहे ना?"

"तयार आहे. फक्त एकदा आईला दाखवायचंय."

ती हसली. "राणी, किती वर्षांची आहेस तू?"

मी पण हसले आणि फोन ठेवल्यावर खूप वेळ वाईट वाटत राहिलं. एकोणचाळीस वर्षांची आहे. आईला घाबरते. आई फाडेल याची भीती आहे, असं मी स्वतःला सांगतेय, पण दुसरी एक भीती आहे, तिला नाव देता येत नाही. आता मी तो पालथा घालून ठेवते.

उद्या जायचं. फाडला तर परत काढेन, हाताला आता येतो तो.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते.

कागद पांढऱ्या कापडात गुंडाळून नेला. पुलावर एवढा वारा होता की मी तो छातीशी दोन्ही हातांनी धरला. फळ्या नेहमीसारख्या खडखडत होत्या.

आई तांदूळ धूत होती. "आज गुरुवारी कशी काय? आजारी आहेस?"

"एक दाखवायचंय. ओमोलु आहे. पात उडालेला. तुला फाडायचा असेल तर फाड, पण आधी हात पूस."

"मला काय करायचाय तुमचा..." असं म्हणत तिने हात पुसले, माझ्याच झग्याला पुसले, आणि मी कापड सोडलं.

ती कागद घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरला. मी वाट बघत होते की आता फाडण्याचा आवाज येईल. पातेल्यातून पाणी सांडत होतं, नळ तिने तसाच सोडला होता. मी जाऊन बंद केला.

मग आई म्हणाली, "बारीक नाही झाला गं."

मला कळलं नाही. "कोण?"

"गाल भरलेले आहेत. बघ ना. मला वाटलं होतं, तिथे नळ्याबिळ्या घालून नुसती हाडं झाली असतील. तीन वर्षं मला तसाच दिसतोय, हाडं." तिने अंगठ्याने डाव्या भुवईतली ती तुटक जागा चाचपली. "खात होता म्हणजे. जेवत होता माझा पोरगा."

मी बघितलं. तेव्हा मला दिसला.

किती मूर्ख आहे मी! आरशात उलटा धरून बघितला होता, कंडक्टर नाही, फार्मसीवाला नाही. अकरा वर्षं पातीखाली हात घालून मी देवाचा घाम पुसला, आणि बोटं जिल्वानचा चेहरा पाठ करत बसली. आत घोडा नसतो, देव असतो, हे मी इतकं मनापासून मानलं की माझा भाऊ तिथे होता हेच विसरले. बर्तोल्दोकाकांनी एका नजरेत ओळखला. माईंनी तर न बघताच. त्या "कोणाचा?" विचारत होत्या तेव्हा मी त्यांना गोष्ट सांगत होते.

मी जमिनीवर बसले आणि रडले. तेव्हा रडले नव्हते ते सगळं. आई रडली नाही. तिने कागद टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तांदूळ चुलीवर चढवले.

"तू ठेव हा," मी म्हटलं. "छापत नाही. पुस्तक गेलं खड्ड्यात."

"ठेवून काय करू? फ्रेम करू? येणारी-जाणारी विचारतील, कोण हा, काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात. मला नको." ती पळी हातात धरून त्याच्याकडे बघत होती. "आणि छापायचाही नाही. कोणा कोणाच्या हातात जाईल. माझ्याआधी साओ पावलोच्या त्या बयेने बघितला ना?"

"हो."

"बरं." याचा राग तिने गिळला, मला दिसला. "शाई आणलीयस?"

पिशवीत असतेच.

"तू एकेदी ना त्याची? मग बांध पात."

मी कुंचला काढला. वरून सुरुवात केली, खरी पात बांधतात तशी, मधोमध एक, मग डावीकडे, मग उजवीकडे. एकेक काडी कपाळावरून खाली ओठापर्यंत ओढायची. आई शेजारी स्टूल घेऊन बसली. कपाळ गेलं. कान गेले. मला घाई करवत नव्हती आणि थांबवतही नव्हतं.

"ओठ राहू दे जरा," ती म्हणाली. मी बाजूला वळले. थोड्या वेळाने म्हणाली, "हं, घे."

मग, "भुवई राहू दे. भात होऊ दे."

भात झाला. आम्ही जेवलो, घेवडा आणि भात, तिघंजण असल्यासारखे. पातीतून एकच भुवई आणि एक डोळा बघत होता. आईने एक घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. जिल्वान जेवताना बडबड करायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागायचं, आणि आज मला ती बडबड हवी होती.

ताटं उचलल्यावर ती परत स्टुलावर बसली. पुढे वाकून अगदी जवळून बघितलं. पेटीची फट केली असती तर असंच बघितलं असतं.

"आता झाक," म्हणाली.

मी झाकला.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

चिठ्ठीवाल्याने दुकान उघडलं. स्कॅन बाराच्या आत गेलं. नुसती पात, आणि भोवती उधळलेल्या लाह्या.

तालिताचा लगेच फोन. "हे काय आहे? चेहरा कुठे?"

"खाली आहे."

"खाली म्हणजे? वेगळ्या फाइलमध्ये?"

"नाही. शाईखाली. आणि तुझ्याकडे जो फोटो आहे तो काढून टाक, तालिता. हात जोडते. तो माझा भाऊ आहे, वारलेला."

तिने फोटो काढून टाकला, माझ्यासमोर, फोनवर असतानाच. तशी ती वाईट नाही. मग म्हणाली की आज जाहीर करता येणार नाही, वरच्यांना हे चालेलसं वाटत नाही, सोमवारी बोलू. तिच्या आवाजावरून मला उत्तर कळलंय. सहा वर्षं गेली, आणि मला खूप वाईट वाटतंय. वाटतंय ते वाटतंय.

संध्याकाळी माईंकडे गेले. फडकं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं. मी ते डोक्याला बांधलं. बर्तोल्दोकाका ढोलाची कातडी ओढत बसले होते. "माझी कॉफी राहिलीय तुझ्याकडे," म्हणाले.

परत येताना फोन वाजला. आई. ती कधी फोन करत नाही, पैसे जातात म्हणते.

"सोमवारच्या जेवणाला किती माणसं आहेत?"

"सत्तर तरी असतील. का?"

"वाळू आण. दोन बादल्या. आणि चाळून आण, आळशीपणा करू नकोस. मागच्या वेळी त्याच्या दाताखाली खडा आला होता."

कोणाच्या, ते मी विचारलं नाही. उद्या सकाळी बादल्या घेऊन नदीवर जायचंय.